कादरभाईच्या गुंड्या

शिंप्याच्या बैठकीखाली चिंध्या कधी साचतात, ते त्यालाही कळत नाही. किस्स्यांचंही तसंच! अमरावतीत मोतीशेठच्या दुकानात मी आणि कादरभाई शिवायला बसायचो, तेव्हाचा ढीग अजून उपसतोय. अमेरिकेत लढाई जुंपलेली, इकडे कापसाला सोन्याचा भाव. ज्याला त्याला नवी बंडी हवी. बैलांच्यासुद्धा मखमली झुली शिवल्या आम्ही!

दुकानाचा रिवाज असा, की दारातली उजेडाची बैठक पहिल्या कारागिराची. बारा वर्षं ती माझी होती. कादर मागून आला, आत अंधारात बसला. आणि गिऱ्हाईक माझे गुडघे ओलांडून त्याच्याकडे जायला लागलं! तेव्हापासून माझा जळफळाट सुरू झाला. खोटं कशाला बोलू?

•

पहिली आली एक पाटलीणबाई. वाताने बोटं वाकडी झालेली, चोळीची गाठ मारता येईना. "सुनेनं गाठ मारून देल्ली का दिवसभर तिचंच आयकावं लागते!" हे तिचं खरं दुखणं.

मी म्हटलं, "गाठ सैल ठेवा, काकू."

कादरने मापाची चोळी हातात घेतलीसुद्धा नाही. तिच्यापुढे सुपारी ठेवली. "मावशी, हे उचला जरा." ती कोणत्या दोन बोटांनी उचलते ते पाहत बसला. मग गाठीच्या जागी कापडाची जाड गुंडी आणि समोर ऐसपैस फासा शिवला.

आठवड्याने बाई सांजोऱ्यांचं ताट घेऊन आली. माझ्यासमोरून आत गेली, कादरला देऊन परत निघाली.

"अन् मले?"

"तुले काहून? तू तं सैल ठेव म्हने!"

•

मग आमचे एक देशमुख. अर्धांगाने डावा हात गेला. बाकी कपडे नोकर अंगावर चढवायचे, पण पूजेचं सोवळं दुसऱ्याच्या हातून नेसायचं नाही, हा त्यांचा हट्ट. एका हाताने धोतर कसं खोचणार? देव महिनाभर तसेच बसलेले.

आता कादर अडकला, म्हणून मी खूश! कारण सोवळ्याला सुई चालत नाही. शिवलेलं वस्त्र नेसून पूजा होत नाही.

कादर म्हणाला, "सुई कोन लावते? बांबूचा चिमटा करू. धोतराचं एक टोक कमरेत धरते, तोवर हात मोकळा."

देशमुख हरखले. मग हळूच बोलले, "पन कादर, तू हात लावलेला चिमटा सोवळ्यात कसा चालन रे?"

"मंग हे रामभाऊ करतीन. मी पायरीवरून सांगतो."

दोन दिवस मी देशमुखांच्या ओसरीवर बांबू तासला. पायरीवरून हुकूम यायचे, "बारीक करा रामभाऊ. आनखी बारीक." बोटांत कुसळं गेली माझ्या! देशमुखांनी एकट्याने धोतर नेसलं, पूजा केली, बाहेर येऊन डोळे पुसले आणि म्हणाले, "वा रे कादर!"

•

मीही काही हात बांधून बसलो नव्हतो. बाजारात एका हमालाच्या खांद्यावर कापसाचा गठ्ठा पडला, हात कोपरापासून आखडला. कादर नमाजाला गेलेला पाहून मी हमालाला गाठलं. "बस, तुले उघड्या बाहीची बंडी शिवून देतो!"

समोर बसवून निरखून पाहिलं. दुखरा हात माझ्या उजवीकडे दिसला, तोच त्याचा उजवा धरला. शिंप्याच्या पोटी जन्मून ही चूक! मोकळी बाही चांगल्या हाताला गेली आणि दुखऱ्या हाताची आवळून शिवली.

दुखरा हात कसाबसा आत घातला, तो बाहेर येईना. चांगल्या हाताने ओढायला गेला, तर बंडी उलटी होऊन तोही गुरफटला. गडी दोन्ही हात अडकवून बाजारभर मला शिव्या देत फिरला. शेवटी त्याला कोणी सोडवलं, ते सांगायला हवं का?

•

एकदा अकोल्याहून बैलांची दमणी आली. दारात उतरलेला माणूस विचारतो, "लुळ्या हाताचे कपडे शिवते तो शिंपी कुठी हाये?"

मोतीशेठनी मुद्दाम माझ्याकडे बोट दाखवलं. "हा नाई का?"

त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "नाई नाई. तो हुशार हाये म्हंते!"

दुकान हसलं. शेठ हसले नाहीत. "दिवाळीपासून बैठकीचा इचार करा लागन," एवढंच म्हणाले.

 त्यात माझा उजवा खांदा तेव्हा महिनाभर धरला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. बायको सकाळी बंडी चढवून द्यायची आणि मी दिवसभर काही झालंच नाही अशा थाटात बसायचो. कात्री डाव्या हाताने पुढे करायचो. शेठला कळलं असतं, तर दिवाळीची वाटसुद्धा पाहिली नसती.

•

त्याच आठवड्यात कादरच्या खुंटीवर एक नवी बंडी लागली. उजवी बाजू खांद्यापासून कुशीपर्यंत उघडी, त्यावर पाच गुंड्या. बाहेरून पाहावं तर साधी बंडी. टाका इतका देखणा, की माझं डोकंच उठलं.

"कोनाची हाये?"

"येईन गिऱ्हाईक."

दोन दिवस गेले, आठ गेले. गिऱ्हाईक काही येईना. मी रोज टोमणे मारायचो, "काय कादरभाई, गिऱ्हाईक पयालं वाट्टे तुमचं!" तो मान खाली घालून शिवत राहायचा.

शुक्रवारी तो नमाजाला गेला, शेठ जेवायला गेले. दुकानात मी एकटा. म्हटलं, बघू तरी याच्यात असं काय आहे! माझी बंडी कशीतरी ओरबाडून काढली आणि ती अंगावर टाकली. हात वर करावाच लागला नाही. डाव्या हाताने पाच गुंड्या लागल्या. खांद्याला बसली, कुशीला बसली, लांबीला बसली. कुठे सूतभर कमी नाही की जास्त नाही.

मी तसाच उभा होतो. पाठीमागे पायरीवर चपला वाजल्या.

कादर आत आला. माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, आत अंधारात आपल्या जागेवर जाऊन बसला आणि सुईत दोरा ओवत म्हणाला,

"आलं का गिऱ्हाईक?"