साडूच्या ट्रकचं फिटनेस

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

बाजार खुला झाला होता. गुडगावच्या शेतांत काचेची ऑफिसं उभी राहत होती आणि बंदरावरचे कंटेनर ट्रकने दिल्लीत येऊ लागले होते. मी दिल्लीच्या सीमेजवळच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी निनावी फोन आला : अमुक नंबरच्या ट्रकवरच्या कंटेनरमध्ये पिस्तुलं आहेत आणि माल मागवणाऱ्या कंपनीचा, ट्रक ठरवणारा मॅनेजरही त्यात सामील आहे.

नाकाबंदी करून ट्रक अडवला. परमिट, आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट, विमा, ड्रायव्हरचा बंदराचा पास, सगळं चोख. सील शाबूत. पंचांसमोर कंटेनर उघडला, तर आत शिलाई मशिनचे सुटे भाग. चौकशीला बोलावलेला मॅनेजर पुण्याचा निघाला. पोलिसांनी बोलावलं एवढ्यावरूनच कंपनीने त्याला घरी बसवलं होतं. बिचारा पुन्हापुन्हा म्हणत होता, "साहेब, कागद पूर्ण असल्याशिवाय मी कुणाचाच ट्रक बंदरावर पाठवत नाही."

फोन घेतलेला हवालदार मात्र हसत होता. "सर जी, अजीब आदमी था. आखिर में बोला, उस मॅनेजर को अच्छी शिक्षा मिलनी चाहिए. अब पुलिस क्या स्कूल चलाती है?"

मी हसलो नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सजेसाठी ज्याच्या तोंडी तो शब्द येतो, तो माणूस आपल्याकडचाच. मी मॅनेजरला विचारलं, "दिल्लीत तुमच्यावर जळणारा मराठी माणूस कोण?"

तो नाइलाजाने म्हणाला, "साडू आहेत. मयूर विहारला राहतात. त्यांचे ट्रक मी नाकारले. फिटनेस संपलं होतं."

साडू आधी कानांवर हात ठेवून बसला. मी सहज म्हटलं, "फिटनेस मागितल्याचा एवढा राग?" त्याचा तोल गेला.

"घरच्या माणसाकडे कागद मागतो, साहेब? तेही त्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला, भर पंगतीत! माझी बायको तिथून आली की आमच्या भिंतींकडे बघत बसते. तिची धाकटी बहीण लिफ्टने घरी जाते, साहेब, लिफ्टने!"

ट्रकचा नंबर त्याने धंद्यातल्या ओळखीतून काढला होता. कबुली घेऊन झाल्यावर मी त्याला सुनावलं, "तुमच्या फोनमुळे त्यांची नोकरी गेल्यात जमा आहे." वाटलं, आता तरी ओशाळेल. तो खुर्चीत पुढे सरकला.

"म्हणजे फ्लॅटचे हप्ते थकणार?"

खोट्या खबरेबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. माझ्या अहवालानंतर मॅनेजर कामावर परतला. नोकरीत मी लोभी माणसं पुष्कळ पाहिली. त्यांच्याशी बोलता येतं, कारण त्यांना काहीतरी हवं असतं. हा साडू मात्र नुसता मत्सरी होता. आपले ट्रक आता कामाला लागतील का, हे त्याने मला एकदाही विचारलं नाही.