तीन दिवस फ्रिज चालवून दाखवा

पहाटे पावणेपाचला बॅटरीमामांचा दिवस सुरू व्हायचा. छत्तीस वर्षं त्यांनी बसडेपोत पहिली पाळी केली. निवृत्तीनंतर डेपो सुटला, पावणेपाच सुटले नाहीत. मामा उठायचे, तोंड धुवायचे आणि मीटर घेऊन अंगणातल्या जुन्या व्हॅनकडे जायचे.

डेपोत त्यांच्याकडे बसच्या बॅटऱ्या होत्या. उतरवायच्या, पाणी भरायचं, टर्मिनल खरवडायचे, चार्जिंगला लावायच्या, पुन्हा चढवायच्या. एकेक बॅटरी पंचेचाळीस-पन्नास किलोची, दिवसाला वीस तरी. ज्याने उचलली नाही त्याच्यासाठी तो आकडा आहे. मामांच्या उजव्या खांद्यात ती कळ होऊन बसली होती.

एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत एका बसचा एकुलता फ्यूज उडालाच नाही आणि वायर जळाली. तेव्हापासून त्यांनी कशालाच एकटी राखण ठेवली नाही. फ्यूज दोन, घराच्या दाराला कुलपं दोन. मामी म्हणायच्या, "नाडीवर पट्टा बांधणारा माणूस माझ्याच वाट्याला आला."

मामी शिवणकाम करायच्या. चाळीस वर्षं मशीनवर वाकून कंबर गेली, वर साखरेचं दुखणं. तासभर बसलं की आडवं व्हावंच लागे. त्यांची थोरली बहीण तीन दिवसांच्या वाटेवर राहायची आणि अकरा वर्षांत भेट नव्हती. हल्ली फोनवर ती बोलता बोलता मामींनाच "आई" म्हणू लागली होती. आणखी उशीर केला तर भेट होईल, ओळख होणार नाही, हे मामा-मामी दोघांनाही कळत होतं. बोलून कोणी दाखवत नव्हतं.

म्हणून व्हॅन घेतली. आत झोपायला फळी, छोटा फ्रिज, पंखा, दिवे. इंजिनाची बॅटरी वेगळी, आणि हे सगळं चालवायला आणखी दोन. त्या भरायला मामांनी घडीचं सोलर पॅनेल आणलं.

लेक नर्स होती. ती म्हणाली, "बाबा, आईचं इन्शुलिन थंड राहायला हवं. घरची वीज न लावता, व्हॅन जागची न हलवता तीन दिवस फ्रिज चालवून दाखवा. एकदा जरी आठ अंशांच्या वर गेला तरी जाणं रद्द."

"तू मला बॅटरी शिकवतेस?"

"नाही. मी फ्रिज तपासणार आहे."

मामांनी व्हॅन झाडाच्या सावलीत लावली, म्हणजे आतला फ्रिज तापणार नाही. पॅनेल वीस पावलांवर उन्हात मांडलं, मागे दोन विटा लावून तिरपं केलं. आधीच्या मालकाने पॅनेल जोडायला व्हॅनच्या बाजूला सॉकेट करून ठेवलं होतं. त्याच्या आत एक कंट्रोलर होता, म्हणजे बॅटरीत किती वीज जाऊ द्यायची ते ठरवणारी पंजाएवढी डबी. नव्या पॅनेलच्या पाठीवर त्याचा स्वतःचाही कंट्रोलर निघाला. मामा खूश झाले. दोन डब्या, दुहेरी राखण.

पहिल्या दिवशी त्यांनी दर दोन तासांनी पॅनेल उन्हाकडे फिरवलं. ऊन कडक होतं. तरी संध्याकाळी मीटर सकाळपेक्षा खाली. त्यांनी टर्मिनल घासले. दुसऱ्या दिवशी सगळी वायर काढली आणि जाड वायर घातली. गुडघ्यांवर बसून चार तासांचं काम. मीटर आणखी खाली. पंखा बंद केला, दिवे बंद केले. फ्रिज सात अंशांवर चढला.

शेजारचा, डेपोतलाच जुना ड्रायव्हर, कुंपणावरून सगळं बघत होता. "घरातून वायर ओढ की रे. पोरीला काय कळतंय?"

"पोरीला नाही कळणार. औषधाला कळेल," मामा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामी व्हॅनमध्ये फळीवर आडव्या होत्या. मामांनी डेपोतली सवय काढली. बिघाड सापडला नाही की वीज ज्या वाटेने जाते त्या वाटेवर बोट फिरवायचं आणि मोठ्याने नावं घ्यायची.

"पॅनेल. कंट्रोलर. वायर. सॉकेट. कंट्रोलर. बॅटरी."

"दोनदा म्हणालात," मामी आतून म्हणाल्या.

"काय दोनदा?"

"कंट्रोलर."

"दोन आहेत म्हणून दोनदा. एक पॅनेलचा, एक व्हॅनचा. राखण आहे ती."

"अहो, शिवणीवर शिवण घातली की कापड चुणतं. पुढे सरकत नाही. मला आपलं तेवढंच कळतं."

मामांनी मीटर आधी पॅनेलच्या डबीला लावलं, मग सॉकेटच्या आतल्या. पहिली डबी समोर थेट बॅटरी आहे असं समजून विजेचा दाब आधीच कमी करून पाठवत होती. दुसरीला बॅटरी भरायला त्याहून चढा दाब हवा होता, म्हणून ती बहुतेक सगळी वीज अडवत होती. दोन्ही आपापलं काम चोख करत होत्या. छत्तीस वर्षं बॅटऱ्या उचललेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं, कारण जास्तीची राखण कधी आड येईल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

त्यांनी पॅनेलवर चादर टाकली, म्हणजे हात लावताना वीज बनणार नाही. पाठीवरची डबी सोडवली. पॅनेलच्या तारा थेट सॉकेटच्या वायरला जोडल्या, अधिक अधिकला, उणे उण्याला, दोनदा तपासून. मग चादर ओढली.

"किती?" मामींनी विचारलं.

"पाच अँपिअर."

"म्हणजे चांगलं का?"

"म्हणजे तुझी पिशवी भर."

"आधी कबूल करा."

"काय कबूल करायचं? पाच अँपिअर म्हटलं ना."

संध्याकाळी लेक आली. फ्रिज चारावर होता. तिने फ्रिजच्या डिजिटल थर्मामीटरवर तीन दिवसांतला सगळ्यात वरचा आकडा पाहिला. सात. तिने दार लावलं आणि म्हणाली, "रोज संध्याकाळी फोन करायचा. विसरलात तर मी मागून येईन."

निघाल्यापासून चौथ्या दिवशी मामी बहिणीच्या दारात उतरल्या. बहिणीने त्यांना खालून वर न्याहाळलं. मग पोलक्याची बाही चिमटीत धरून ती म्हणाली, "ही बाही तूच शिवलीस? अजून वाकडीच शिवतेस."

मामींनी तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मामा पॅनेल मांडायला ऊन कुठे आहे ते बघत अंगणात फिरत राहिले.

छत्तीस वर्षांच्या पहिल्या पाळीचे पैसे शेवटी इथे लागले: एक जुनी व्हॅन, दोन बॅटऱ्या, एक घडीचं पॅनेल, आणि दोन म्हाताऱ्या बहिणींची तीन आठवड्यांची भांडणं.