शेवटची क्यू स्टिक कपाटात ठेवली, ती चूकच

मंडळी, आज दुपारी विश्रांतवाडीच्या आमच्या पूल क्लबात जे झालं ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी क्लबातल्यांना स्टिक बनवून देणाऱ्या बापटकाकांनी माझ्यासाठी शिसवीची क्यू स्टिक, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातानं बनवली. नंतर त्यांचे हात थरथरायला लागले आणि काम बंद झालं. ही त्यांची शेवटची स्टिक, म्हणून मी ती कपाटात जपून ठेवली.

आज त्यांनी ती बघायला मागवली. खेळण्याआधी टोकाच्या चामड्याला जो खडू लावतात, तोसुद्धा लागलेला नव्हता.

"अरे, एकदाही खेळला नाहीस?"

"खराब होईल म्हणून, काका."

"मग चांगली झालीय की नाही, हे मला कळायचं कसं?"

मी ओशाळलो. तिथेच खडू लावून खेळायला लागलो. काका बाजूला उभे राहून बघत होते.

"वजन कसं वाटतंय?"

खोटं बोलवेना. "मागे जरा जड लागतेय."

"तेव्हाच सांगायचंस. दोन दिवसांत नीट करून दिली असती."

ते शांतपणे बोलले, पण माझा पुढचा शॉट चुकला.

आता मी याच स्टिकनं खेळणार आहे, जड तर जड. तुमच्या कपाटात असं कोणी करून दिलेलं काही न वापरता पडलंय का?