लाँचची डाव्या बाजूची काच

सांगलीत माझं काचेचं दुकान आहे. मागल्या दिवाळीनंतर बामणोलीहून एका लाँचमालकाचा फोन आला. कोयनेच्या जलाशयात पर्यटक फिरवणारी त्याची लाँच जुनी झाली होती. खिडक्यांच्या काचा बदलायच्या होत्या, फाटक्या जाळ्याही. त्यानं फोटो आणि मापं पाठवली. काचा गोणपाटात गुंडाळून मी टेम्पोनं साताऱ्यामार्गे कास ओलांडून पोचलो.

लाँच चालवणारे आबा सत्तरीचे. मी गंजलेले स्क्रू काढत होतो, ते शेजारी बसून बघत होते. डाव्या बाजूच्या मधल्या काचेला आतून काळा रंग फासलेला होता.

"हे कुणी केलं, आबा?"

"मीच. ती ऱ्हाऊ दे गड्या तशीच."

पण मालकाला सगळ्या खिडक्या स्वच्छ हव्या होत्या. मी नवी काच बसवली, रबर दाबलं, आणि पाणी आत येतं का ते बघायला आम्ही दोघंच फेरी मारायला निघालो. दुपारचे बारा वाजले असतील.

अर्ध्या तासानं त्या नव्या काचेतून डाव्या काठावर मला एक बाई दिसली. डोक्यावर गाठोडं, एक हात वर केलेला. एसटीला करतात तसा.

"आबा, थांबवा. कुणीतरी यायचंय."

आबांनी मान वळवली नाही. "दारातनं बघ."

मी दारात गेलो. काठावर लाल माती आणि वर गच्च झाडी, बाकी कुणी नाही. परत खिडकीशी आलो तर बाई तिथंच, हात वरच. मला वाटलं, समोरच्या काठाचं प्रतिबिंब पडलं असेल. उजवीकडे जाऊन बघितलं. तो काठही मोकळा.

"तितलं गाव पान्यात गेलं," आबा म्हणाले. "वर ऱ्हायलेली चार घरं बी उठली. आता जंगल हाय, मानूस न्हाई. मी तीनदा लाँच काठाला लावली. उतरून बघितलं तर कुनी न्हाई. निघालो की परत हुबी."

"कोण आहे ती?"

"वळखीची असती तर रंग कशाला फासला असता?"

धक्क्याला येताच मी ती काच काढली. घाईत रबर दोनदा फाटलं. त्या चौकटीत नुसती जाळी ठोकली आणि मालकाला सांगितलं, वारा खेळता राहील. त्याला पटलं. काढलेली काच सांगलीला परत आणली, पण गिऱ्हाइकाला द्यायचा धीर होईना. शेवटी फोडून भंगारात टाकली.

महिन्याभरानं मीच आबांना फोन केला. थोडं इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, "आता दिसते का?"

"जाळीतनं न्हाई दिसत."

मला बरं वाटलं.

"पर हाक ऐकू येती," आबा म्हणाले. "काचंमुळं आत येत नव्हती वाटतं."

"काय म्हणते?"

पलीकडे इंजिन धडधडत होतं.

"थांबा म्हनती रं. दुसरं काय म्हनंल?"