देव्हाऱ्यामागची बाटली

२ ऑगस्ट. सकाळी गरोदर बायांची यादी उतरवत बसले होते, तेवढ्यात सुनंदाला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. मी या गावची आशा कार्यकर्ती. नाल्याला पूर होता, दवाखान्याची गाडी पलीकडेच अडली. मी पोहोचले आणि मूल माझ्या हातातच आलं. मुलगी.

सुनंदाला एचआयव्ही आहे, हे त्या घरात फक्त तिलाच ठाऊक. नवऱ्याने तपासणी टाळली होती. सासूला कळलं असतं तर तिने सुनेला त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं. म्हणून तिच्या गोळ्या आणि बाळाला जन्मल्याबरोबर आणि मग दीड महिना रोज पाजायच्या औषधाची बाटली देवीच्या तसबिरीमागे ठेवायला मीच सांगितलं होतं. तिथे कोणी हुडकत नाही. पण मूल जन्मलं की घराला सुवेर लागतं, दहा दिवस देव्हाऱ्याला कोणी हात लावत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. बाळंतिणीला शिवलेली मीही त्यातच.

"काकू, तसबीर जराशी पुसून देऊ काय?" मी म्हणून पाहिलं.

"हात पाह्य तुये. सुवेरात देवीले शिवतेत काय? एवढी शिकली कायले मंग?"

सासू देव्हाऱ्यासमोरून हलेना. सुनंदा बाजेवरून माझ्याकडे बघत होती. आजाराचं नाव घ्यावं तर आई उघड्यावर, न घ्यावं तर लेकरू धोक्यात. मी उपासतापास करणारी बाई नाही. तरी मनात देवीला म्हटलं, आई, माझी अक्कल संपली.

थोड्या वेळाने दारात जोगवा मागणारी एक अनोळखी बाई उभी राहिली. सासूने तिलाच विनवलं, "माय, आमाले सुवेर हाये. तूच दिवा लाव." तिने तसबीर पुसायला उचलली. मागची पिशवी हाती आली, तिने बाटली निरखली.

"बाळाचं औषध दिसते. देवीपाशी होतं, तं देवीनंच देल्लं समजा. पाजा."

सासूने हात जोडले. मी औषध मोजून पाजलं, गोळ्या सुनंदाच्या उशाखाली सरकवल्या. सुवेराच्या घरचं पीठ न घेताच ती बाई निघून गेली. कोण, कुठली, मी विचारलं नाही.

बाळाच्या रक्ताची तपासणी दीड महिन्याने. काय निघेल, ते माझ्या हातात नाही. माझंच शहाणपण आडवं आलं होतं आणि वाट दुसऱ्याच कुणी काढली, एवढं मानायला मी शिकले.

३ ऑगस्ट. सकाळी पुन्हा गेले. सासूने बाळाला मांडीवर घेऊन मान सावरली. "पाज बाई, देवीचं औषध हाये." मी पाजलं. खरं काय ते सांगितलं नाही.