पाळकसाहेबांच्या वाढीव साक्षी

दोष आमच्या पाळकसाहेबांचा. सैतानाचा नाही, परिस्थितीचा नाही, मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं त्याचाही नाही. काल्हेरच्या गोडाऊनमधल्या माझ्या नोकरीवर जी वेळ आली, ती त्यांच्यामुळे. पण ते एकदम सांगून कळणार नाही. असे किस्से लूमच्या पंख्यावर कापूस साचतो तसे साचतात. कुणी झाडत नाही, म्हणून साचतात. आमच्याकडे झाडायचं काम वडीलधाऱ्यांचं होतं!

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नारपोलीत, कापडाच्या एका लूमच्या वरच्या हॉलमध्ये. रविवारी तीसेक माणसं. उपासनेत साक्ष असते, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. आमची पद्धत अशी की साक्ष माणसानं द्यायची आणि पाळकसाहेबांनी वाढवायची.

*

मार्थामावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी साधी साक्ष दिली, "डॉक्टरांनी वाटी बदलली, प्रभूनं सांभाळलं."

पुढच्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे होते. पाळकसाहेब गरजले, "ही बहीण व्हीलचेअरवर होती! डॉक्टरांनी हात टेकले! आम्ही प्रार्थना केली आणि ती चालत घरी गेली!"

मावशी नंतर त्यांना गाठून म्हणाल्या, "अहो साहेब, ऑपरेशन सांगायचं राहिलं की!"

"मावशी, पाहुण्यांना वेळ कमी होता."

*

एकदा साहेबांनी एकवीस दिवसांचा उपास जाहीर केला. फक्त पाणी! पंधराव्या दिवशी ते पँट घेऊन टेलरकडे गेले. टेलर आमच्याच मंडळीतला.

"कंबर जरा वाढवून दे."

"साहेब, उपास चालू आहे ना?"

"अरे, उपासानं वात धरतो!"

टेलर आम्हाला म्हणाला, "मी वात मोजलाय. छत्तीसचा अडतीस झालाय."

*

परत पाहुणे आले, तेव्हा खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. साहेबांनी खालच्या लूमचे कारागीर चहाच्या बोलीवर वर आणून बसवले. सगळे यूपीचे, शिफ्ट सुरू व्हायची वाट बघणारे. पाहुण्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं, "आज कुणाकुणाला शांती मिळाली?" साहेबांनी खूण केली, सगळ्यांनी हात वर केले. पाहुणे डोळे मिटून प्रार्थना करत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

शेवटी एक कारागीर ओरडला, "साहब, हाथ नीचे करें? ड्युटी का टाइम हो गया!"

पाहुण्यांनी डोळे उघडून विचारलं, "हा भाऊ काय म्हणतोय?"

साहेबांनी भाषांतर केलं, "म्हणतोय, आता थांबवत नाही, मला आत्ताच सेवेला जायचंय!"

पाहुणे रडले.

*

खरेपणावरच्या संदेशाचा, म्हणजे प्रवचनाचा किस्सा तर सगळ्या नारपोलीला माहीत आहे. ऐन संदेशात साहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी पाठ वळवून हळूच उचलला, पण कॉलरचा माइक चालूच!

"हां, काल्हेरला ट्रकच्या मागे अडकलोय. दहा मिनिटांत पोचतो."

फोन खिशात घालून साहेब वळले. "तर बंधुभगिनींनो, खरेपणा..."

मागच्या बाकावरून मार्थामावशी म्हणाल्या, "साहेब, ट्रक हलला की सांगा, चहा टाकते!"

*

मंडळीचे सेक्रेटरी माझे पप्पा. मी त्यांना म्हटलं, "पप्पा, तुम्ही तरी बोला ना त्यांना."

"देवाच्या सेवकाकडे बोट दाखवू नये."

"आणि खोट्याकडे?"

"तू आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर, मग बोल."

आमच्या ज्येष्ठांकडे प्रत्येक प्रश्नाला हे एकच उत्तर. त्यांच्यातला एकही इंजिनिअर नव्हता!

*

आता माझा किस्सा. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, कारण मॅथ्स सुटत नव्हतं. बस, एवढंच. गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला लागलो, दोन वर्षं एक खोका इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मोबाइलचा माल जाळीच्या पिंजऱ्यात असतो. त्याची चावी मला द्यायचं मॅनेजर म्हात्रेसाहेबांनी ठरवलं होतं. चावी म्हणजे परमनंट.

त्याच आठवड्यात काल्हेरला आमची मोठी सभा झाली. हॉल म्हात्रेंच्या भावकीचा, म्हणून म्हात्रेसाहेब पहिल्या रांगेत. पाळकसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. "आशिष, तू फक्त उभा राहा. बोलायचं काम माझं."

मग माइकवर, "हा मुलगा गर्दच्या आहारी गेला होता! चोऱ्या करायचा! आईचं मंगळसूत्र विकलं यानं! आज बघा!"

टाळ्या! पप्पाही वाजवत होते. मम्मीनं गळ्यातल्या मंगळसूत्रावर पदर ओढून घेतला.

सोमवारी म्हात्रेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तू कामाचा पोर हायेस रं, पन चावी कशी देऊ?"

"साहेब, मी सिगारेटपण ओढत नाही. ते सगळं खोटं आहे."

"म्हंजे तुजा पाळक खोटा बोलला? देवाचा मानूस?"

"हो."

"मग त्याला हितं घेऊन ये. त्यानं माज्या तोंडावर सांगितलं, तं चावी तुजी."

मी बाइकवरून पाळकसाहेबांना घेऊन निघालो. रस्ताभर एकच वाक्य पढवलं, "हा कधीच नशा करत नव्हता, मी वाढवून बोललो." ते म्हणाले, "बाळा, नक्की. मलाही वाईट वाटतंय रे." त्यांचे डोळेसुद्धा भरले होते.

केबिनमध्ये ते उभे राहिले. म्हात्रेसाहेबांनी खुर्ची सोडून त्यांना नमस्कार केला. "बोला पाळक, काय खरा?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. नमस्काराला जोडलेल्या त्या हातांकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हात्रेसाहेब, मी जबाबदारी घेतो. गेले सहा महिने यानं गर्दला एकदाही हात लावलेला नाही!"

चावी दुसऱ्याला मिळाली. पंधरा दिवसांत माझी नोकरी गेली.