साडूंची पडवी

सूर्याशी वैयक्तिक वैर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. उन्हाळा आपल्या सगळ्यांनाच नकोसा होतो, पण आमच्या थोरल्या साडूंना डिसेंबरातलं सकाळचं कोवळं ऊनसुद्धा खपत नसे. शेजारीपाजारी ते अंगावर घ्यायला म्हणून गच्चीत जात, तेव्हा हे खिडकीला पडदा लावून आत बसत. मुलुंडला त्यांचं बिऱ्हाड होतं, तिथल्याच एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात नोकरी होती आणि घरापासून कारखाना वीस मिनिटांवर होता. ही वाट ते पस्तीस मिनिटांत चालत. कुठल्या इमारतीची सावली किती वाजता कुठल्या फुटपाथवर पडते हे त्यांना तोंडपाठ होतं आणि त्या बेताने ते रोज सकाळी आग्रा रोड पाच वेळा ओलांडत. एका रविवारी ते आमच्याकडे घाटकोपरला जेवायला यायला निघाले. बसमध्ये सावलीकडची एकही खिडकी रिकामी नव्हती. समोरच्या स्टॉपवर ठाण्याकडे जाणारी बस मोकळी दिसली. साडू त्या बसने ठाण्याला गेले आणि तिथून सावलीची खिडकी धरून उलटे घाटकोपरला आले. आम्ही अडीच वाजेपर्यंत ताटावर थांबलो होतो. हात धुता धुता ते म्हणाले, "उशीर झाला खरा साडूबुवा, पण एक किरण अंगावर घेतला नाही."

ह्या वैराचं मूळ एका डॉक्टरच्या तोंडून सहज निघालेल्या वाक्यात होतं. चाळिशीत चष्म्याचा नंबर काढायला गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उन्हापासून जरा डोळ्यांना जपा." डॉक्टर असं प्रत्येकाला म्हणत असणार. मलाही म्हणाले होते आणि मी ते जिना उतरेपर्यंत विसरलो होतो. साडूंनी मात्र ते गुरुमंत्रासारखं घेतलं. गॉगल लावायला त्यांची तयारी नव्हती. "गॉगल लावून मी पडवळ घेऊ? भाजीवाली काय म्हणेल?" हा त्यांचा सवाल होता. टोपीने डोकं तापतं असं त्यांचं मत होतं. छत्री ते जिथे जात तिथे विसरत. शेवटी त्यांनी ठरवलं की जपायचे डोळे आहेत तर आडोसाही फक्त डोळ्यांनाच हवा आणि तो चष्म्यालाच बसला पाहिजे.

पहिला आडोसा शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याचा होता. तो घामाने आठवड्यात लोंबला. दुसरा डालड्याच्या डब्याच्या झाकणाचा, त्याने कपाळावर चरा उमटला. तिसरा मात्र जमला. त्याला कारखान्यातल्या रद्दीतला जाड हिरवा सेल्युलॉइड होता, माझ्या मेव्हणीच्या अंबाड्यातल्या दोन यू पिना होत्या आणि मुलीच्या जुन्या कंपासपेटीची बिजागरी होती. पिना चष्म्याच्या फ्रेमवर अडकवायच्या की ते हिरवं छप्पर कपाळापासून पुढे चार बोटं येई. ऊन नसेल तेव्हा बिजागरीवर वर उचलायचं, ऊन आलं की बोटाने खाली पाडायचं. साडू मूळचे मालवणकडचे. त्यांनी त्याचं नाव ठेवलं पडवी. कोकणातल्या घराला पुढे उतरतं छप्पर असतं ना, तशी चष्म्याची पडवी. पावसाळ्यात तिच्या पागोळ्या बरोबर त्यांच्या मिशांवर गळत, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसे. पागोळ्या गळल्याशिवाय पडवी कसली, असं ते म्हणत.

पडवीत एकच खोट होती. ती लावली की वरचं जग दिसायचं बंद होई. दुकानांच्या पाट्या, बसचे नंबर, माणसांचे चेहरे सगळं छपराआड जाई आणि उरे ते कमरेखालचं. दुसऱ्या कुणी पडवी फेकून दिली असती. साडूंनी माणसं पायांवरून ओळखायला सुरुवात केली. "नमस्कार कुलकर्णी," असं ते दुरूनच एका चपलांच्या जोडीला म्हणत आणि वर खरोखर कुलकर्णी निघत. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी दिवाळीला नवे सँडल घेतले, तर साडू पंधरा दिवस त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बिचारे मला विचारायला आले की, माझं काही चुकलं का? मी साडूंना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, चपला बदलल्यावर माणसाने सांगायला नको का?"

ह्या पायाच्या अभ्यासातून त्यांचं एक शास्त्रच तयार झालं होतं. चपलेची टाच बाहेरून झिजलेली असेल तर माणूस हेकट, आतून झिजलेली असेल तर भित्रा, आणि पुढे अंगठ्याशी झिजलेली असेल तर तो सदा घाईत, त्याच्याशी व्यवहार करू नये. दोन्ही टाचा सारख्या झिजलेला माणूस त्यांच्या मते लाखात एक. माझ्या चपला त्यांनी एकदा दारात उलट्या करून पाहिल्या आणि पुन्हा सुलट ठेवल्या. मी आजतागायत त्यांना निकाल विचारलेला नाही.

त्यांची मुलगी शुभा लग्नाची झाली आणि अंधेरीचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा मुलगी बघून गेला, पसंती आली आणि आता आम्ही त्यांचं घर बघायला जायचं ठरलं. साडू, मेव्हणी, मी आणि माझी बायको असे चौघे निघालो. दुपारी तीनची वेळ होती, त्यामुळे पडवी खाली होती. मुलाच्या घरी दाराबाहेर चपलांची रांग होती. आम्ही आत जाऊन बसलो तरी साडू येईनात. मुलाच्या वडिलांना वाटलं, व्याह्यांना चपला ठेवायला जागा सापडत नाही. ते उठून बाहेर गेले. साडू ओणवे होऊन एक काळा बूट हातात धरून बघत होते. "हा कुणाचा?" त्यांनी विचारलं. "आमच्या चिरंजीवांचा," वडील चाचरत म्हणाले. साडूंनी दुसराही बूट पाहिला, दोन्ही जागच्या जागी ठेवले आणि आत येऊन बसले. घर, नोकरी, पगार ह्यांतलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. परतताना मी म्हटलं, "साडूभाऊ, अहो मुलाकडे नीट बघितलंत तरी का?" ते म्हणाले, "बघितलं की. दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. सरळ चालणारा आहे. आपली शुभा सुखात राहील."

इकडे साडू असे समाधानात आणि तिकडे अंधेरीला वेगळीच खिचडी शिजत होती. घरात आल्यावरही पडवी वर करायची ते विसरले होते. मुलाच्या आईला वाटलं, डोळ्यांचं मोठं दुखणं असणार. तिने त्या दिवशी मुद्दाम दिवा मालवला होता, ते आम्हाला नंतर कळलं. चार दिवसांनी निरोप आला, आणि तो आडून आडून विचारलेला प्रश्न होता. हे दुखणं वडिलांकडून मुलींना येत नाही ना? मेव्हणी रडकुंडीला आली. शुभा दोन दिवस जेवली नाही, कारण तो मुलगा तिला मनापासून आवडला होता. शेवटी मी एकटा अंधेरीला गेलो आणि साडूंचे डोळे ठणठणीत आहेत, फक्त डोकं जरा वेगळं आहे, हे नाना परीने पटवून आलो. लग्न जमलं.

पण शुभाच्या मनातून तो प्रश्न गेला नाही. एका रविवारी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बाबा, एक मागू? लग्नाच्या दिवशी पडवी नको. एक दिवस फक्त. आपल्या घरात तुमचा एक फोटो नाही, ज्यात तुमचे डोळे दिसतात. मला एक पाहिजे, सासरी न्यायला."

साडू बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. मग पडवी वर करून तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "दिला शब्द."

लग्नाच्या सकाळी त्यांनी मला हॉलच्या जिन्याखाली गाठलं आणि साबणाच्या डबीत ठेवलेली पडवी माझ्या हातात दिली. "ठेवा तुमच्याकडे. जवळ असली की हात जातो." मी डबी कोटाच्या खिशात घातली. त्यांचा चेहरा असा उघडा पाहायची सवय नसल्यामुळे मलाच जरा अवघडल्यासारखं झालं. भुवयांखालचा पट्टा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा दोन छटा गोरा होता.

हॉलच्या आत सगळं नीट पार पडलं. जेवणं झाल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "आत लाइट नाय. बाहेर या सगळे. ऊन माझ्या पाठीवर पाहिजे." म्हणजे ते आमच्या तोंडावर आलं. पटांगणात तीन वाजताचं ऊन होतं आणि साडू त्याच्या समोर छाती काढून उभे राहिले. फोटोग्राफर "स्माइल" म्हणाला की त्यांचे डोळे मिटत. तो "काका, डोळे" म्हणाला की ते उघडत, आणि बटण दाबलं जायच्या आत पुन्हा मिटत. जावयाबरोबर मिटले, व्याह्यांबरोबर मिटले. शुभाबरोबर सात फोटो काढले, सातही वेळा मिटले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, रुमाल भिजला होता, पण गडी जागचा हलला नाही की माझ्या खिशाकडे एकदा बघितलं नाही. शब्द दिला होता ना. मला त्या क्षणी हसू आलं, आणि हसता हसता मी खिशातली डबी घट्ट धरून ठेवली, हेही सांगून टाकतो.

पाठवणी संध्याकाळी होती. ऊन केव्हाच गेलं होतं, हॉलच्या दारावरचे दिवे लागले होते. मुलाकडची माणसं मोटारीपाशी उभी होती. शुभा एकेकाच्या पाया पडत आली. ती रडत नव्हती, कारण ती न रडणाऱ्यांतलीच. वडिलांसमोर आली तेव्हा साडू वर दारावरच्या बल्बकडे एकटक बघत होते. हनुवटी हलत होती. दोन्हीकडची शंभर माणसं त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांना ते तोंड कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

शुभा माझ्याकडे वळली. "काका, पडवी आहे ना तुमच्याकडे? द्या."

मी डबी दिली. तिने बांगड्यांनी भरलेल्या हातांनी पिना चष्म्यावर अडकवल्या आणि बोटाने छप्पर खाली पाडलं. "ऊन आहे, बाबा," ती म्हणाली.

कुणीही हसलं नाही. मुलाची आईसुद्धा दुसरीकडे बघायला लागली. पडवीखालून काय गळत होतं ते मी जवळ असल्यामुळे मला दिसलं. आणि पडवीखालून साडूंना शुभाचे पाय दिसले. एरवी शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस मनातून हलला की मालवणीत शिरत असे. ते हळूच म्हणाले, "चपला चावतत ना गो तुका?"

सबंध दिवसात आम्हा कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. नव्या सोनेरी चपलांनी तिच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. शुभा "हो बाबा" म्हणाली आणि मग मात्र तिला रडू आवरेना. साडू मला म्हणाले, "नवरीच्या खोलीत, पलंगाखाली, भिंतीच्या बाजूला तिच्या जुन्या आहेत. आणा." त्या तिथेच होत्या. शालू नेसलेली नवरी जुन्या कोल्हापुरी चपला घालून अंधेरीला गेली. फोटोग्राफरचा रोल संपत आला होता. त्याने शेवटचा फोटो काढला तो शुभा पडवी लावताना, आणि सबंध आल्बममधला तेवढाच एक तिने फ्रेम करून भिंतीवर लावला आहे. त्यात साडूंचे डोळे दिसत नाहीत.

साडू निवृत्त होऊन गावी गेले. गेल्या मे महिन्यात आम्ही तिकडे गेलो. उतरत्या छपराचं त्यांचं घर, आणि पडवीत ते बाकावर बसलेले. मी अंगणाच्या पायरीवर पाय ठेवला न ठेवला तोच आतून आवाज आला, "या साडूबुवा. डाव्या गुडघ्याला काय झालं?" त्या बाकावर टेकलो तेव्हा कळलं की छप्पर इतकं खाली आलेलं आहे की येणाऱ्या माणसाचे आधी पायच दिसतात. लहानपणापासून हा माणूस जग असं बघत आला होता. चष्म्याची पडवी आत खुंटीला टांगलेली होती, आता तिची गरज पडत नाही म्हणाले.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "शुभाकडे जाता अधूनमधून. पत्रात ती सगळं छान आहे म्हणून लिहिते. तिच्या चपलांच्या टाचा बघितल्यात? दबून राहत असली तर आतून झिजतील."

मी बघितल्या नव्हत्या. माझ्याने तसं सांगवेना. "सारख्या झिजल्यात," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी खोटं बोललो हे त्यांना कळलं असणार, कारण माझ्या चपला त्यांनी बघितलेल्या आहेत.

मुंबईला परतलो त्या रविवारी मी एकटाच अंधेरीला गेलो. दाराबाहेर नेहमीसारखी चपलांची रांग होती. कोल्हापुरी ओळखीची होती. गुडघा कुरकुरत होता तरी खाली बसलो आणि दोन्ही उलट्या करून उजेडात धरल्या. आतून शुभाच्या हसण्याचा आवाज येत होता, पण तो मी पुरावा म्हणून धरला नाही. टाचा खरंच सारख्या झिजल्या होत्या. मी त्या जागच्या जागी ठेवल्या, हात पुसले आणि मग बेल वाजवली.